थोरल्याचा कागद

पोलात चिटणीस सायकलवरून उतरला तेव्हा खोलमत पाटाच्या दारावर बसून फावड्याला चिकटलेला चिखल काठीनं खरवडत होता. ऑक्टोबर संपत आला होता. कापसाला आता पाणी नको होतं, आणि पाणी नको म्हणजे पाटकऱ्याला काम नाही. गाव सगळं वेचणीला गेलं होतं. पोलातनं खिशातून एक पिवळट चिठ्ठी काढली, आणि गावच्या सोव्हिएतचा, म्हणजे पंचायतीचा, चिटणीस म्हणून असलेला आपला हक्क बजावत ती आधी मोठ्यानं वाचली.

"बोयमातोव शादमान, जन्म मार्च चौसष्ट. येत्या सोमवारी सकाळी आठ वाजता जिल्ह्याच्या लष्करी कचेरीत तपासणीला हजर राहावे. मुबारक हो, खोलमत-अका! पोरगा शिपाई झाला की तुमचा. पुलाव कधी घालताय?"

खोलमतनं चिठ्ठी हातात घेतली नाही.

"पोलात, तुला माहीत आहे."

"मला काय माहीत आहे?"

"तू होतास त्या दिवशी. खांदा द्यायला काय होतं म्हणा, दोन वर्षांचं पोर, मीच छातीशी धरून नेलं. पण खड्डा खणायला तू होतास."

पोलातनं मागं वळून रस्ता पाहिला. रस्त्यावर एक गाढव सोडलं तर कुणी नव्हतं, तरी त्यानं आवाज खाली आणून थोरल्या भावाला म्हणावं तसं म्हटलं. "अका, तेव्हा मी चिटणीस नव्हतो. तेव्हा मी नुसता माणूस होतो."

गोष्ट अशी होती, आणि गावात ती सगळ्यांना माहीत होती. फक्त कागदाला माहीत नव्हती. खोलमत आणि नोरबीबीचा पहिला मुलगा शादमान सहासष्टच्या उन्हाळ्यात गोवरानं गेला. त्याचा चाळिसावा दिवस उजाडायच्या आत नोरबीबी दुसऱ्यांदा बाळंत झाली, पुन्हा मुलगाच. तिनं त्याचं नाव तुर्सुन ठेवायचं ठरवलं. तुर्सुन म्हणजे राहू दे. पोर गेलेल्या घरात पुढच्याला हे नाव ठेवायची आमच्याकडे रीत आहे, त्यामुळे हाक मारावी तर कुठल्याही गावात चार तुर्सुन मागं वळतात. सात दिवस तिनं त्याला तुर्सुन, तुर्सुन म्हणून पाजलं.

आठव्या दिवशी खोलमतला जिल्ह्याच्या गावी जाऊन दोन नोंदी करायच्या होत्या, एक मरणाची आणि एक जन्माची. पेटीतून त्यानं थोरल्याचा जन्माचा दाखला काढला, टोपीच्या अस्तरात ठेवला आणि निघालाही. पण नोंद करायची म्हणजे शादमानच्या नावावर आपण स्वतः उभं राहून काट मारून घ्यायची. ती काट त्याच्यानं बघवणार नव्हती. अर्ध्या वाटेवरून तो परत आला आणि बायकोला म्हणाला, "नोंदबिंद काही नको. शादमानच परत आलाय. नाव आहे, कागद आहे, पोर आहे. झालं."

बाप म्हणून तो हळवा होता हे खरं. आळशी होता हेही तितकंच खरं. वेचणीच्या दिवसांत मुकादम अर्धा दिवसही सोडत नव्हता, त्याच्या हातापाया पडायचा खोलमतला कंटाळा होता, आणि असले कागद खोऱ्यात घरोघरी होते. दुःख आणि आळस त्यानं एकाच पोत्यात भरले आणि पोत्याचं तोंड बांधून टाकलं. नोरबीबी बाळंतीण होती, चाळीस दिवस उंबरा ओलांडायची तिला मुभा नव्हती. ती रडली, मग गप्प झाली. कागदाप्रमाणे सात वर्षं झाली तेव्हा पोरगा पाच वर्षांचा असताना शाळेत गेला, आणि वर्गात कायम सगळ्यात बुटका राहिला. पोरं त्याला बटण म्हणत. उंच व्हायला म्हणून तो रोज संध्याकाळी तुतीच्या फांदीला लोंबकळायचा. तुती वाकली, पण तो काही फार वाढला नाही.

आता त्या कागदानं अठरा पुरी केली होती. पोरानं सोळा.

"पोलात, एवढंच लिहून दे. थोरला गेला, हा धाकटा आहे. दोन ओळी."

"दोन ओळी! त्या दोन ओळींवर मला दोन वर्षं आत बसवतील. मेलेला मुलगा सोळा वर्षं गावात वावरत होता, शाळेत जात होता आणि सोव्हिएतला पत्ता नव्हता, असं लिहू? अका, रागावू नका, पण खड्डा तुम्ही खणलात आणि उडी मला मारायला सांगताय." त्यानं चिठ्ठी फावड्याच्या दांड्याखाली ठेवली, वर एक ढेकूळ ठेवलं. सायकलवर टांग मारता मारता मात्र तो म्हणाला, "मेजर आपल्यातलाच आहे. त्याला भेटा. आणि नशिबाचं काय सांगावं, सगळेच काही नदीपलीकडे जात नाहीत."

नदीपलीकडे म्हणजे अफगाणिस्तानात. आमच्या टेकडीवरून उन्हाळ्यात ती नदी दिसते. वसंतात शाळेच्या मास्तरांचा मुलगा तिकडून जस्ताच्या पेटीत परत आला होता. पेटी डाग देऊन बंद केलेली, उघडायला परवानगी नाही. मास्तरांनी पेटीवर कान ठेवला होता, ते सगळ्या गावानं पाहिलं होतं.

घरी शादमान अंगणात होता. चिठ्ठीची बातमी आधीच त्याच्या कानावर आली होती, असल्या बातमीला पाय लागत नाहीत. छाती फुगवून तो आईला सांगत होता, "आता बघ. रणगाडा चालवतो की नाही! बटण म्हणतात काय!" नोरबीबी तंदुरापाशी उभी होती. हातात कणकेचा गोळा होता आणि तो ती नुसताच या हातातून त्या हातात घेत होती.

खोलमतनं मुलाला तुतीखालच्या बाजेवर बसवलं आणि सांगून टाकलं. गोवर, दाखला, अर्धी वाट, सगळं. सांगताना त्यानं एकदाही मुलाकडे पाहिलं नाही. त्याला वाटलं होतं पोरगा ओरडेल, निदान रडेल.

शादमानचा चेहरा हळूहळू उजळला. "म्हणजे मी सोळाचा आहे?"

"हो."

"सोळाच?"

"मागच्या महिन्यात पुरी झाली."

"म्हणजे मी बुटका नाहीच!" तो ताडकन उठून उभा राहिला. "बाबा, मी बुटका नाही! मी अजून वाढणारे! आई, ऐकलंस का? तो लांबडा कुदरत, तो सोळाचा होता तेव्हा माझ्याएवढाच होता, माझ्या डोळ्यांसमोर आहे!" आणि तो हसला. दहा वर्षं पाठीवर असलेलं ओझं कुणी उतरवून घ्यावं तसा हसला. खोलमतला त्या हसण्यापेक्षा रडणं परवडलं असतं.

मग हसू थांबलं. "थोरल्याचं नाव शादमान होतं. मग माझं काय?"

तंदुरापाशी नोरबीबीनं मान वर केली.

"शादमानच," खोलमत म्हणाला. "दुसरं कुठलं असणार?"

पोरगा भिंतीवर आपली उंची आखायला कोळसा शोधत घराच्या मागं गेला, तेव्हा नोरबीबी नवऱ्याजवळ आली. सोळा वर्षांत तिनं या विषयावर चकार शब्द काढला नव्हता. "तुम्ही माझ्या पोराला मेलेल्याच्या कपड्यांत वाढवलंत," ती म्हणाली. "निदान नाव तरी त्याचं त्याला द्यायचं. आत्ता मागितलं की त्यानं."

"आता नको. मेजरपुढं उभं राहायचंय. नावात गडबडला तर सगळंच फिसकटेल. सुटला की सांगू. तूच सांग."

"सुटेल?"

कणीक तिच्या हातात वाळून गेली होती.

सोमवारी बाप-लेक पहाटेच्या ट्रकनं जिल्ह्याच्या गावी गेले. कचेरीच्या लांबलचक खोलीत तीस-बत्तीस पोरं चड्डीवर, कुडकुडत, एकामागं एक उभी होती. त्या रांगेत शादमान असा दिसत होता की जणू कुणाच्या तरी धाकट्या भावाला चुकून आत घेतलंय. डॉक्टरीणबाईंनी त्याला काट्यावर उभं केलं, तोंड उघडायला लावलं, काखेत पाहिलं आणि मेजरला हाक मारली.

"बेचाळीस किलो. मिसरूड नाही. दाढ अजून हिरडीत आहे. हा अठराचा नाही."

मेजर आला. जाड, दमलेला, दोन खोरी पलीकडचा माणूस. त्यानं कागद पाहिला. "कागदावर अठरा आहे."

"मी कागद तपासत नाही, मुलगा तपासते."

"मग लिहा, बांधा किरकोळ. फौजेतल्या लापशीनं भरेल." बाईंनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं, आणि लिहिलं.

खोलमत दाराशी टोपी मुरगाळत उभा होता. तो आत घुसला आणि त्यानं मेजरच्या टेबलापुढं सगळं ओतलं. मेजरनं मधे तोडलं नाही. ऐकता ऐकता त्यानं पियाल्यात चहा ओतला, अर्धा खोलमतपुढं सरकवला आणि शेवटी विचारलं, "कबरीवर नाव आहे?"

"लहान पोराच्या कबरीवर कोण नाव घालतं, मेजरसाहेब? ओढ्यातला गोटा ठेवलाय."

"गोट्याला मी काय विचारू?" तो उठला आणि त्यानं दार लावलं. आवाज बदलला. "हे बघा अका, माझ्या सख्ख्या काकानं हेच केलं होतं. तेव्हा तुम्ही खोटं बोलत नाही, ते मला कळतंय. पण मला वरून आकडा आलाय. तेवीस. गुरुवारी बसमध्ये तेवीस डोकी बसली पाहिजेत. नापास वगळून माझ्याकडे मोजून तेवीसच आहेत. याला सोडायचं तर मला कारण पाहिजे, आणि कारण एकच." त्यानं खणातून कोरा कागद काढला, त्यावर पेन ठेवलं. "मेलेल्याचा दाखला मी जिवंत मुलासाठी सोळा वर्षं वापरला, सरकारला फसवलं. लिहा, सही करा. मुलगा आत्ता घरी जाईल. तुम्ही जाणार नाही. तीन वर्षं, कमी नाहीत."

शादमान शर्टाची बटणं लावत बापाच्या मागं उभा होता.

खोलमतनं पेनकडे पाहिलं. तीन वर्षं. त्याला नोरबीबी दिसली, पाट दिसला, पाटावर दुसरा कुणीतरी फावडं घेऊन बसलेला दिसला. मग मास्तर दिसले, पेटीला कान लावून बसलेले. त्याचा हात उठला. उठला, पण हळू उठला. पाटाचं लाकडी दार वर ओढायला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ गेला असेल.

"मी अठराचा आहे," मागून शादमान म्हणाला.

"काय?"

"मी अठराचा आहे, कॉम्रेड मेजर. बाबा घाबरलेत, म्हणून काहीबाही बोलतायत. मास्तरांच्या मुलाचं झाल्यापासून ते असेच करतात. आईला विचारा."

मेजरनं पोराकडे पाहिलं, मग बापाकडे, मग कोरा कागद परत खणात टाकला. "शाबास," तो म्हणाला, पण त्याला आनंद झाल्यासारखा दिसला नाही. खोलमत "नाही, नाही, तो खोटं बोलतोय" असं म्हणत राहिला; पण एकदा सोडलेलं पाणी कुठल्याही पाटकऱ्याला माघारी बोलावता आलेलं नाही. शिपायानं दोघांना बाहेर काढलं.

आपण सही केली असती की नाही, हे खोलमतला आजही सांगता येत नाही. हात उठला होता, हे तो शपथेवर सांगतो. हळू उठला होता, हे तो कुणाला सांगत नाही.

बाहेर पोरानं त्याला कलिंगडाच्या दुकानापाशी सावलीत बसवलं. जणू तोच बाप. "बाबा, रडू नका हो, लोक बघतायत. तुम्ही आत गेला असता तर आमचं पाणी कुणी सोडलं असतं? त्या पोलातनं? थेंब मिळाला नसता." मग तो बोटांवर हिशेब करत म्हणाला, "आणि बघा ना, नोकरी दोन वर्षांची. परत येईन तेव्हा मी खराखुरा अठराचा असेन. उंचही असेन. तुम्ही ओळखणारसुद्धा नाही." खोलमतला त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा होता. तो हात वेळेवर उठला नव्हता, म्हणून त्याला ठेवायची लाज वाटली.

गुरुवारी नोरबीबीनं सूर्य उगवायच्या आधी तंदूर पेटवला आणि एकच नान भाजला, मोठा, मधोमध तिळाचा. फौजेत जाणाऱ्या मुलानं निघताना नानाचा एक घास दातांनी तोडायचा, उरलेला नान खिळ्याला टांगून ठेवायचा, आणि परत आला की त्यानंच तो पाण्यात भिजवून संपवायचा. त्याचा उष्टा नान इथं वाट बघतो, म्हणून त्याला परत यावं लागतं. मास्तरांच्या घरी तसा नान अजून टांगलेला आहे. त्याचं काय करायचं ते आमच्याकडे कुणालाच माहीत नाही. फेकता येत नाही, आणि दुसऱ्या कुणाला खाता येत नाही.

नोरबीबीनं नान दोन्ही हातांनी धरला. शादमानला भूक होती, त्यानं चांगला मोठा घास तोडला आणि तोंडभर हसत म्हणाला, "भाजलास मात्र झक्क. पुढच्या खेपेला मीठ जरा जास्त टाक." नानाच्या कडेला त्याच्या दातांची खूण उमटली. लहान, ओळीत, पोराच्याच दातांची खूण. नोरबीबीनं त्या खुणेवरून अंगठा फिरवला आणि नान खिळ्याला अडकवला. खिळा खोलमतनं आदल्या दिवशी ठोकला होता. तीन वेळा वाकडा गेला होता.

जिल्ह्याच्या चौकात लांब तुताऱ्या वाजत होत्या, ढोल वाजत होते, लग्नाला वाजतात तेच. मागं बस उभी होती. एका माणसानं फळीवर चढून भाषण केलं, ते तुताऱ्यांत कुणाला ऐकू आलं नाही. मुलं तीन रांगांत उभी केली. मग वाजंत्री थांबली आणि मेजरनं यादी हातात घेतली.

"बोयमातोव शादमान!"

"हजर!"

आवाज फुटण्याच्या वयातला होता. 'ह' जाड निघाला आणि 'जर' बारीक. मागची पोरं फिदीफिदी हसली. त्या नावाचं पोर ओढ्याकाठी गोट्याखाली निजलं होतं, आणि त्याच्या नावानं हे दुसरं ओ देत होतं. उद्या पेटी आली तर तिच्यावरही शादमानच लिहून येईल. एका नावाच्या दोन कबरी होतील, आणि हा जो मुलगा तुतीला लोंबकळायचा, रणगाडा चालवणार होता, अजून वाढणार होता, तो कुठल्याच कागदात जन्मलेला नसेल आणि कुठल्याच कागदात मेलेला नसेल. हे आपण केलं, असं खोलमत मनात म्हणाला. गोवरानं एक नेला, दुसरा मी.

"तेवीस," मेजर म्हणाला. यादी मिटली. "उजवीकडे वळ!"

रांगा बसकडे वळल्या. आता नुसत्या पाठी दिसत होत्या, पाठीवर गाठोडी, आणि त्यातलं सगळ्यात खालचं डोकं शादमानचं.

तेवढा वेळ नोरबीबी दगडासारखी उभी होती. एकाएकी ती लोकांना कोपरानं ढकलत पुढं घुसली आणि तिनं हाक मारली. सोळा वर्षं घशात अडकलेली हाक, तुताऱ्यांनी एवढी मोठी ओरड केली नव्हती.

"तुर्सुन! अरे तुर्सुन! तुर्सुऽऽन, बाळा!"

मागच्या रांगेतला एक उंच, हाडकुळा मुलगा गर्रकन वळला. त्याला पोहोचवायला कुणी आलेलं नसावं. तो टाचा उंचावून गर्दीत आपली आई शोधू लागला. ती त्याला सापडली नाही, पण हाक मारणारी बाई दिसली, आणि त्यानं बावचळून हात हलवला. नोरबीबीला काय करावं ते सुचेना. तिनंही हलवला.

शादमान चालत राहिला. बसची पायरी उंच होती. पुढच्यानं हात दिला, तो चढला, आत दिसेनासा झाला. त्यानं एकदाही मागं पाहिलं नाही. त्याला कुणी हाकच मारली नव्हती.